बाणावरची कोरी पट्टी

"पुन्हा डावीकडे गेला," रॉइस म्हणाला आणि मी चहासाठी पेटवलेल्या गॅसवर त्याने बाणाचं टोक धरलं.

"किटली ठेवायची होती मला."

"दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं मी लग्नापासून बघतेय."

टोकाच्या आतला डिंक लाखेसारखा असतो, गरम झाला की सुटतो आणि अख्ख्या स्वयंपाकघरात जळक्या रबराचा वास करून ठेवतो. रॉइसने पक्कडीने टोक पिरगाळून काढलं आणि टेबलावरच्या डब्यात टाकलं. असे चार डबे माझ्या साखरेच्या आणि चहाच्या डब्यांना खेटून बसले होते. टोकांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात: एकशे पंचवीस ग्रेन, एकशे पंचेचाळीस, एकशे साठ आणि आता हा नवा, एकशे नव्वद. आकडे ऐकून घाबरायला होतं, पण पहिल्या डब्यातल्या आणि शेवटच्या डब्यातल्या टोकात फरक म्हणाल तर चमचाभर साखरेचा. तेवढ्यावरून आमच्या तिरंदाजांच्या मंडळात लोक जेवण थंड होईपर्यंत वाद घालतात.

"मागच्याच महिन्यात एकशे साठ लावलंस ना? तेव्हा म्हणालास, आता कसं नाकासमोर जातंय."

"जात होतं. आता नाही जात. काठ्या सुकून ताठ झाल्यात. काठी ताठ झाली की बाण डावीकडे पळतो. पुढे वजन वाढवलं की काठी जरा लवते आणि बाण मधे येतो. किती वेळा सांगायचं तुला?"

"आणि जड टोक आत खोल जातं," मी म्हटलं. तो हे वाक्य पुढे म्हणणारच होता.

"जातंच," तो म्हणाला आणि डाव्या हाताने फडताळातून कप काढला. तो उजवा हात वापरणारा माणूस आहे. कप डाव्या हाताने काढायला त्याने कधी सुरुवात केली ते मला सांगता येणार नाही. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की हल्ली तो डावा हात पुढे करतो किंवा मला हाक मारतो.

रॉइसने जन्मभर नगरपरिषदेचा ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या चार्टर्स टॉवर्स गावापासून बाहेर जाणारे कच्चे रस्ते, पावसाने उखडायचे आणि त्याने ते पुन्हा सपाट करायचे. दांडे ओढून ओढून त्याचा खांदा गेला, आणि कान तर त्याआधीच गेले. पण नजर अशी की रस्ता अर्ध्या बोटाने कलला असला तरी बसल्या जागेवरून सांगायचा. आमच्या न्हाणीघराची फरशी कललेली आहे असं तो मला वीस वर्षं ऐकवतोय, आणि कलली आहेही.

धनुष्याचा नाद त्याला ॲथॉलने लावला. ॲथॉल आमच्या शेजारी राहायचा, धंद्याने सुतार. स्पॉटेड गम या निलगिरीच्या जातीच्या लाकडाची लांब धनुष्यं करायचा. चाकं नाहीत, नेम धरायला भिंग नाही, नुसतं लाकूड आणि दोरी. रॉइस निवृत्त झाला तेव्हा ॲथॉलने त्याला पंचावन्न पौंड ओढीचं एक करून दिलं, मुठीला काळं कातडं. त्याआधी मला चाळीस पौंडांचं करून दिलं होतं, मुठीला लाल कातडं, म्हणजे रॉइसने आपलं तेव्हाचं समजून चुकून उचलू नये. दोन हिवाळ्यांपूर्वी ॲथॉल गेला. सकाळी रंधा मारत होता, दुपारी नव्हता. काळ्या मुठीचं ते धनुष्य त्याच्या हातचं शेवटचं. रॉइस रोज संध्याकाळी त्याची दोरी उतरवतो, फडक्याने पुसतो आणि जागेवर टांगतो. मला त्याने इतकं कधी पुसलेलं नाही.

आता टोकांचं वेड एवढं का वाढलं, तेही सांगते. गेल्या वर्षीच्या शिकारीत रॉइसचा बाण एका चितळाला डावीकडे, मागे लागला. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर गेलो. दुसऱ्या दिवशी सापडलं, पण आमच्या आधी ते रानकुत्र्यांना सापडलं होतं आणि ते जिवंत असतानाच सापडलं होतं, हे जमिनीवरून कळत होतं. रॉइस त्याच्याजवळ टोपी काढून बसला. उठताना म्हणाला, "काठी खराब होती." आणि गाडीत बसल्यावर, बऱ्याच वेळाने, "पुन्हा असं झालं, डेझली, तर मी ॲथॉलचं धनुष्य जाळून टाकीन."

तो बोलेल ते करेल असा माणूस आहे. म्हणून त्या दिवसापासून घरात टोकं आणि डबे वाढत होते. यंदाची शिकार तोंडावर आली होती आणि बाण अजून डावीकडेच पळत होता.

आमच्या घरात काठी कापणं, टोक बसवणं त्याचं काम आणि पिसं लावणं माझं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये सँडविचं करून माझी बोटं चपळ झालीत, असं तो म्हणतो. त्या आठवड्यात मी यंदाच्या बाणांची विस्कटलेली पिसं काढून नवी लावायला बसले. जोडीला ॲथॉलच्या वेळचे काही जुने बाण होते, तेही म्हटलं उरकून टाकू.

धनुष्याच्या मुठीवर बाण टेकतो तिथे काळ्या कातड्याचा तुकडा असतो. बाण सुटताना त्याच्यावरून घासत जातो आणि काठीला काळपट डाग पडतो. पण घासायला सुरुवात कुठून होते? तर दोरी पूर्ण ओढल्यावर काठीचा जो भाग कातड्यावर असतो, तिथून. त्याच्या पुढचा, टोकाकडचा भाग कातड्याला कधी लागतच नाही, तो कोरा राहतो. जुन्या बाणांवर ही कोरी पट्टी करंगळीच्या नखाएवढी होती. रॉइस तेव्हा असा ओढायचा की टोकाच्या पात्याची मागची कड त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला लागायची. बोटाला पोलाद लागलं की सोडायचं, हे ॲथॉलनेच शिकवलेलं.

यंदाच्या बाणावर मी बोटं ठेवून बघितली. कोरी पट्टी तीन बोटं होती. दुसरा बाण घेतला. तीन. तिसऱ्यावर जरा जास्तच.

मी हातातला डिंक खाली ठेवला. काठ्या बिचाऱ्या होत्या तशाच होत्या. माझा नवरा धनुष्य तीन बोटं कमी ओढत होता. दोरीचा जोर कमी पडला की काठी ताठ असल्यासारखी वागते, बाण डावीकडे पळतो, मग हा पुढे वजन वाढवतो, की चार दिवस बाण सरळ. तेवढ्यात खांदा आणखी आखडतो. एकशे पंचवीसपासून एकशे नव्वदपर्यंत तो बाणाला औषध देत होता आणि आजार त्याच्या खांद्यात होता. 

मी पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तो काठी डोळ्यासमोर धरून वाक बघत होता.

"रॉइस, तू पूर्ण ओढतोस का?"

"म्हणजे?"

"पातं लागतं का बोटाला?"

त्याने काठी खाली घेतली. "तू आता मला धनुष्य ओढायला शिकवणार?"

"विचारलं नुसतं."

"पिसं नीट लाव तू. मागच्या वेळी एक उलटं लावलं होतंस."

त्याला मिरची झोंबलेली दिसत होती. पिसं मी आयुष्यात उलटी लावलेली नाहीत. मी परत आले आणि बाणांना पिवळी पिसं लावली. कोऱ्या पट्टीबद्दल बोलले नाही. बोलले असते तर तो शिकारीला आला नसता, आणि ॲथॉल गेल्यापासून वर्षातले तेवढेच दिवस तो मोकळा हसतो. आणि न बोलता नेलं तर पुन्हा एखादं चितळ रात्रभर मरत पडेल. दोन्हीकडून माझी झोप उडाली.

वॉरिकच्या गुरांच्या रानात आमचा तळ पडतो. इथली जुलैची कोरडी थंडी, काळे दगड, नदीकाठच्या बोरीच्या जाळ्या. वॉरिक हा या रानाचा मालक आणि मंडळाचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा सभासद. त्याने कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं मांस, उकडायला ठेवलं होतं आणि निखाऱ्यात डॅम्पर, म्हणजे जाड रोट, भाजत होता.

पहिल्या सकाळी ताटली असते. ही ॲथॉलने घालून दिलेली रीत. झोपेतून उठायचं, हात आखडलेलेच असताना, सराव न करता, झाडाला लावलेल्या कागदी ताटलीवर एकच बाण सोडायचा. लागला तर तेवढं अंतर तुमचं. त्याच्यापेक्षा लांबच्या जनावरावर त्या वर्षी बाण सोडायचा नाही. हुकला तर पुढे यायचं आणि पुन्हा एक.

रॉइस वीस पावलांवर उभा राहिला. बाण सरळ गेला, अगदी सरळ, पण ताटलीच्या वीतभर खाली लागला.

"रॉइस, झाडाच्या मुळाची शिकार करतोस का रे?" वॉरिक ओरडला.

"जड टोक आहे. खाली येणारच."

तो पुढे आला. पुन्हा खाली. आणखी पुढे आला. पंधरा पावलांवर बाण ताटलीच्या खालच्या कडेत घुसला.

"पंधरा!" वॉरिक म्हणाला. मग जवळ येऊन, हळू, "तू वीसच धर लेका. कोण बघतंय?"

"ॲथॉल बघतोय," रॉइस म्हणाला.

वॉरिक निखाऱ्यांकडे वळला. बाकीचे चहाच्या कपात बघायला लागले. तेव्हा मला समजलं की सगळ्यांना दिसत होतं. ओढताना त्याचं कोपर थरथरतं, हे सगळे बघत होते आणि सगळे प्रेमाने गप्प होते. मला त्या प्रेमाचा रागच आला, आणि माझ्याही गप्प बसण्याचा.

मग माझी पाळी. मी दरवर्षी आठ पावलांवर उभी राहते, कारण मला शिकार करायची नसते आणि हुकायचंही नसतं. लाल मुठीचं धनुष्य, हलकं टोक. ताटलीच्या मधोमध.

"बघ, बायको पुढे गेली तुझ्या," वॉरिक म्हणाला.

"आठ पावलांवरून मी ताटली हाताने फाडेन," रॉइस म्हणाला आणि हसला. तो हसला म्हणून मला बरं वाटलं.

संध्याकाळी आम्ही पाणवठ्याजवळ बसलो. तो एका पडलेल्या ओंडक्याआड, मी त्याच्या मागे दोन हातांवर. पाण्यावरून वारा आमच्याकडे येत होता. ऊन उतरलं, पोपटांचा गोंधळ थांबला आणि बोरीच्या जाळीतून एक नर चितळ बाहेर आला. शिंगं उंच, पाठीवरचे ठिपके धुतल्यासारखे. तो थांबला, कान फिरवले, मग पाण्याकडे वळला आणि आमच्याकडे कूस करून उभा राहिला. पंधरा पावलांच्या बराच आत. मी मोजलं बारा.

रॉइसने धनुष्य उचललं आणि ओढायला लागला.

मी चितळाकडे बघितलंच नाही. मी त्याचं बोट आणि पातं यांच्यातलं लाकूड बघत होते. चार बोटं. तीन. तिथे थांबलं. त्याची मान ताठ झाली, कोपर थरथरायला लागलं, आणि लाकूड आणखी अर्धं बोट मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. तो पोलादाची वाट बघत होता. इतके दिवस तो या थरथरीलाच पूर्ण ओढ समजून बाण सोडत आला असणार. मला ओरडावंसं वाटलं, सोडू नकोस. मी तोंडावर हात धरला.

मग त्याने एक गोष्ट केली. समोर जनावर असताना कुणीही हाताकडे बघत नाही. नजर हलली की नेम गेला. रॉइसने चितळावरून नजर काढली आणि स्वतःच्या बोटाकडे बघितलं. बोट, मग कोरं लाकूड, मग पातं. संध्याकाळच्या उजेडात ती पट्टी चांगली पिवळी दिसत होती. त्याने ती बघितली, आणि रस्त्याचा उतार बघायचा तशीच, घाई न करता बघितली.

त्याने दोरी हळूहळू परत सोडली. लाकडाचा बारीकसा आवाज झाला. चितळ एकदा भुंकला आणि जाळीत शिरला.

त्याने बाण दोरीवरून काढून भात्यात ठेवला.

"वारा फिरला," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. वारा माझ्या तोंडावरच येत होता.

रात्री जेवताना वॉरिकने विचारलंच, "काय, दर्शन दिलं का नाही कुणी?"

"आला होता एक. चांगला होता."

"मग?"

"मग गेला."

"अरे, आता दोनशेच्या वरचीही टोकं मिळतात म्हणे. मागव. रेडा आडवा होईल."

सगळे हसले. रॉइसने बीफचा तुकडा चावून संपवला. "नको," तो म्हणाला. "टोकाचा दोष नाही, वॉरिक."

 वॉरिकने डॅम्परचा सगळ्यात चांगला, न करपलेला तुकडा काढून त्याच्या ताटात ठेवला. रॉइस उठून गेला, त्याने धनुष्याची दोरी उतरवली, फडक्याने ते वरपासून खालपर्यंत पुसलं आणि पिशवीत घातलं. उरलेले दिवस त्याने ते बाहेर काढलं नाही. लाकडं फोडली, चहा केला, दुसऱ्यांच्या चितळांना खांदा दिला, तोही डावा. मला रडू येत होतं, पण शेकोटीजवळ बसलं की धुराचं निमित्त आयतं मिळतं.

घरी आल्यावर मला एकच भीती होती. पहिल्या संध्याकाळी शेडमधून धूर दिसतोय का, म्हणून मी दोनदा खिडकीशी गेले. शेडचं दार बंद होतं. मग तो आत आला. काखोटीला बाण, हातात पक्कड. त्याने गॅस पेटवला.

"किटली ठेवायची होती का?" त्याने विचारलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं.

"असू दे. आधी तुझं होऊ दे."

त्याने एकेक बाण धरला, तापवला, पिरगाळला. एकशे नव्वदची टोकं डब्यात पडत गेली. सगळी झाल्यावर त्याने झाकण लावलं आणि डबा माझ्या साखरेच्या डब्यापासून लांब सारला. मग उघड्या काठ्यांकडे बघत म्हणाला, "डेझली, तुझ्या धनुष्याला टोक किती ग्रेनचं लागतं?"

ती टोकं त्यानेच बसवली होती, माझा एकूण एक बाण त्यानेच केलेला.

"एकशे पंचवीस," मी म्हटलं.

"हां. एकशे पंचवीस." त्याने पक्कड नीट जागेवर ठेवली. "दे बघू जरा."

मी लाल मुठीचं धनुष्य आणलं, दोरी चढवून दिली. त्याने ते हातात फिरवलं, मुठीवर अंगठा ठेवला.

"कातडं बदलूया का?" मी विचारलं. "काळं लावून घे. वॉरिक चिडवेल."

"राहू दे. ॲथॉलने शिवलंय ते."

त्याने एक न कापलेली, माझ्या धनुष्याला चालेल अशी नरम काठी दोरीला लावली आणि माजघराच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. "पेन्सिल घे. मी सांगतो तेव्हा बोटापाशी खूण कर."

तो ओढायला लागला. या वेळी कोपर थरथरलं नाही. हात मागे आला, आला, आणि जुन्या जागेच्या बराच अलीकडे थांबला.

"अजून थोडं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच आहे."

मी खूण केली. त्याने दोरी हळू सोडली, काठी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी ॲथॉलच्या वेळचा एक जुना बाण ठेवला. खूण जुन्या बाणाच्या लांबीपेक्षा तीन बोटं अलीकडे होती. तो दोन्हींकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग त्याने जुना बाण बाजूला केला आणि नवी काठी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"काप," तो म्हणाला. "खुणेवरच काप, हं. जास्तीची ठेवू नकोस. बोटाला पोलाद लागलं पाहिजे."

मी करवत पेन्सिलीच्या रेघेवर टेकवली.